कुठपर्यंत येतंय? तांत्रिक गोष्टींना बिचकणाऱ्या नाशिककरांसाठी पहिली वाट

दहावीला गणितात गुण कमी पडले, कला शाखेला प्रवेश घेतला, आणि तिथून पुढे फ्यूज असो की मोबाइलचं सेटिंग, ‘त्यातलं मला काही कळत नाही’ हे उत्तर कायमचं ठरून गेलं. असं माणूस नाशिकमध्ये घरटी एक तरी सापडेल. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मीही कला शाखेचीच. चाळिशीपर्यंत माझा आणि विजेचा संबंध बिल भरण्यापुरता होता. आज घरातली, शेजारपाजारची बरीच किरकोळ दुरुस्ती मी करते. आणि जे माझ्या आवाक्यातलं नाही ते कुणाकडे न्यायचं, त्याला नेमकं काय सांगायचं, हेही कळतं. या दोन्हींतलं दुसरं जास्त मोलाचं आहे असं मी मानते.

तांत्रिक डोकं म्हणून जे म्हणतात, ते बहुतेक वेळा एका प्रश्नाच्या सवयीतून तयार होतं. वस्तू बंद पडली की आपण म्हणतो, ‘बंद पडलंय’. वायरमन म्हणतो, ‘लाईट कुठपर्यंत येतेय बघू.’ बंद पडलेल्या प्रत्येक गोष्टीत कुठपर्यंत तरी सगळं ठीक असतं आणि त्यापुढे नसतं. ती हद्द शोधायची. खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या या एकाच सवयीसाठी आहेत.

आधी स्वतःबद्दलचा समज तपासा

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागायतदारांना विचारा, ‘तुम्हाला तांत्रिक गोष्टी कळतात का?’ बरेच जण हात झटकतील. आणि तेच लोक गोडी छाटणीनंतर फवारणीसाठी जीएचं (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाचं) पाणी करताना पीपीएमचा हिशेब तोंडी करतात. १ पीपीएम म्हणजे १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम. १० पीपीएमचं १०० लिटर पाणी करायचं तर १००० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम जीए लागतं. त्यात पुन्हा पाण्याचा सामू (पीएच), घडाची अवस्था, हवेतला दमटपणा बघायचा. हे करणारा माणूस ‘आपल्याला काही कळत नाही’ म्हणतो, कारण त्याच्या हातून होणाऱ्या कामाला कुणी तांत्रिक म्हटलेलंच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. म्हणून मला इथे दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांची आठवण करून द्यायची आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला आणि मग त्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आपण सगळे तिथे गेलेलो आहोत. पण कच्च्या फिल्मच्या कडेला अंधारात भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई करत होत्या. अख्ख्या मंडळीचा स्वयंपाक सांभाळून करत होत्या. त्यांनी हे कुठल्या शाळेत शिकलेलं नव्हतं. काम समोर होतं, कुणीतरी करून दाखवलं, आणि त्यांनी हातात घेतलं. या शहरात तांत्रिक कामाची अशी एक परंपरा आहे, ती आपली समजायला हरकत नाही.

पायरी पहिली: एकच वस्तू निवडा

‘मला टेक्नॉलॉजी शिकायची आहे’ असं ठरवलं की माणूस पहिल्याच आठवड्यात थकतो. विषय अवाढव्य आहे. त्यापेक्षा घरातली एक वस्तू निवडा, जिच्याशी तुमचा रोज संबंध येतो. इस्त्री, टॉर्च, रिमोट, वायफायचा डबा, इन्व्हर्टर, शेतावरची मोटर, काहीही. कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये पैसे भरून सुरुवात करू नका, ऑनलाइन मिळणारा रोबोटचा किटही आणू नका. त्यांच्यात सूचनांबरहुकूम जोडत गेलं की दिवा लागतो आणि आपल्याला काहीच कळलेलं नसतं. ओळखीच्या वस्तूचं तसं नसतं. ती कशी वागते हे तुम्हाला आधीच माहीत असतं. नवीन फक्त ‘का’ असतं.

सुरुवातीच्या दिवसांत एक नियम मी सगळ्यांना कळकळीने सांगते: हात लावायचा तो एकतर सेलवर चालणाऱ्या वस्तूला, नाहीतर पिन टॉप (वायरीच्या टोकाचा प्लग) सॉकेटमधून पूर्ण काढून ठेवलेल्या वस्तूला. भिंतीतल्या २३० व्होल्टशी आपलं काम नंतर.

पायरी दुसरी: मल्टीमीटर घ्या

स्क्रूड्रायव्हरचा छोटा संच, एक पक्कड, इन्सुलेशन टेप आणि एक डिजिटल मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट, ओहम वगैरे मोजणारा छोटा मीटर. बस. सोल्डरिंगचं सामान आत्ता नको. मल्टीमीटर ५०० ते १००० रुपयांत चांगला मिळतो. घेताना तीन गोष्टी बघा: जोडणी तपासताना वाजणारा बझर असावा, कंडेन्सर (कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग) मोजायची सोय असावी, आणि त्याच्यावर सुरक्षेचा ‘कॅट थ्री, ६०० व्होल्ट’ असा शिक्का असावा. जुन्या गावात, मेन रोड, शालिमार, एम. जी. रोडच्या आसपास इलेक्ट्रिकलची आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. ऑनलाइन थोडं स्वस्त पडेल, तरी पहिला मीटर दुकानातूनच घ्या असं मी म्हणेन. दुकानदार सेल लावून दाखवतो, दोन प्रश्न विचारता येतात, आणि पुढे कंडेन्सर किंवा वायर लागली की तोच माणूस उपयोगी पडतो.

मीटरच्या खालच्या बाजूला तीन किंवा चार भोकं असतात. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट आणि ओहमची खूण असलेल्या भोकात. १० अँपिअर लिहिलेल्या भोकात लाल वायर कधीही ठेवून देऊ नका. त्या भोकात असताना व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे एक सरळ वायर होते आणि शॉर्ट होतो. नवशिक्याला सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे.

आता रिमोटचे सेल काढा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा: व्हीच्या शेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, ती डीसीची खूण. नवीन सेल १.५ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. दमलेला १.२ किंवा त्याहून कमी. बऱ्याचदा दोनांपैकी एकच सेल गेलेला असतो. मग बझरवर ठेवून तुटक्या चार्जरची किंवा इअरफोनची वायर तपासा: एका टोकाला एक टोक, दुसऱ्याला दुसरं, वाजलं तर वायर सलग आहे. वायर हलवली की आवाज तुटतो का बघा. बहुतेक वेळा ती पिनेच्या मुळाशी तुटलेली असते. ‘कुठपर्यंत येतंय’ याचं उत्तर पहिल्यांदा कानांनी ऐकू येतं ते इथे.

पायरी तिसरी: इस्त्री मोजा

या पायरीला वेळ द्या. माझ्या मते सगळ्या लेखात करून बघण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती ही आहे.

इस्त्रीचा पिन टॉप सॉकेटमधून काढा. इस्त्री पूर्ण थंड असू द्या. तिची चकती सगळ्यात जास्त उष्णतेवर फिरवा, म्हणजे आतला थर्मोस्टॅट (तापल्यावर वीज तोडणारा खटका) जोडलेला राहील. मीटर ओहमच्या २०० वर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना टेकवा. ०.३, ०.५ असं काहीतरी दिसेल, तो मीटरच्या स्वतःच्या वायरांचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा; तो ओहममध्ये मोजतात. आता पिन टॉपच्या दोन सारख्या पिनांना दोन टोकं लावा. जाड, लांब पिन अर्थिंगची, तिला आत्ता लावू नका.

इस्त्रीच्या पाटीवर १००० वॉट लिहिलं असेल तर मीटरवर ५३च्या आसपास आकडा येईल. ७५० वॉट असेल तर ७०च्या आसपास. दोन-चार ओहम इकडे-तिकडे चालतील.

हा आकडा कुठून येतो? व्होल्टचा वर्ग करायचा आणि वॉटने भागायचं. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. त्याला १००० ने भागलं की ५२.९. सातवी-आठवीचं गणित आहे, पण वहीत काढलेलं उत्तर आणि मीटरच्या पडद्यावरचा आकडा एकच निघतो तेव्हा अंगावर येणारा शहारा वेगळाच असतो. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांनी पाटी पुन्हा वाचली, गणित पुन्हा केलं आणि पुन्हा मोजलं. ज्यांना शाळेत ‘हे सूत्र पाठ करा’ म्हणून सांगितलं होतं, त्यांना ते सूत्र घरातल्या इस्त्रीत खरोखर बसलेलं दिसतं.

आणखी दोन मोजमापं लगेच करून टाका, कारण त्यांच्यावर जीव अवलंबून आहे. अर्थिंगची जाड पिन आणि इस्त्रीचा खालचा धातूचा तवा, या दोहोंत जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत, म्हणजे अर्थिंग तव्यापर्यंत पोचलंय. आणि मीटर ओहमच्या मोठ्या रेंजवर नेऊन मोजलं तर जाड पिन व बारीक पिनांपैकी कुठलीही एक, यांच्यात काहीच जोडणी दिसता कामा नये. पडद्यावर डावीकडे नुसता १ किंवा ‘ओएल’ दिसेल, त्याचा अर्थ तोच. इथे आकडा आला तर इस्त्री वापरू नका, दुरुस्तीला द्या. शॉक बसण्याआधीच तुम्ही ते ओळखलेलं असेल.

जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब घरात पडला असेल तर त्याचाही रोध मोजा. गणिताने ५२९ यायला हवा, पण थंड बल्ब त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच दाखवेल. सूत्र चुकलेलं नाही. बल्बातली टंगस्टनची तार पेटल्यावर हजारो अंशांना जाते आणि तापली की तिचा रोध कितीतरी पट वाढतो. इस्त्रीतली नायक्रोमची तार तापूनही फारशी बदलत नाही. गणित आणि मोजमाप जुळलं नाही की निराश व्हायचं नाही, तिथे काहीतरी शिकायला आहे असं समजून थांबायचं.

पायरी चौथी: महावितरणचा मीटर वाचा

याला कुठेही हात लावायची गरज नाही. सोसायटीच्या पार्किंगमधल्या बोर्डावर आपला मीटर शोधा. त्याच्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि पाटीवर एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरांवर ३२०० असतो. तुमच्यावर असेल तोच घ्या.

घरातलं सगळं बंद करायला सांगा, फ्रिजसकट. दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी काहीतरी चालू आहे, बहुतेक टीव्हीचा डबा नाहीतर इन्व्हर्टर. आता फक्त ती १००० वॉटची इस्त्री लावायला सांगा आणि ती तापत असताना एक मिनिट दिव्याची उघडझाप मोजा. ३२००च्या मीटरवर ती ५३च्या जवळपास भरेल, कारण १००० वॉट म्हणजे तासाला १ युनिट, आणि ३२०० भागिले ६० म्हणजे ५३.३. ओहमवरून काढलेली आणि इथून काढलेली शक्ती एकच निघते. वर घरात फोनवर कुणाला तरी बसवा, आईंना, मुलांना, सुनेला. दोघांनी मिळून केलेलं काम जास्त लक्षात राहतं.

याच पद्धतीने कुठलीही वस्तू मोजता येते: मिनिटातल्या उघडझापी गुणिले ६०, भागिले मीटरवरचा आकडा, उत्तर किलोवॉटमध्ये. मिनिटाला १६ आल्या तर ३०० वॉट. साधा छताचा पंखा ७०-७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. बिल जास्त आलं म्हणून नुसतं चिडण्यापेक्षा एका रविवारी घरभर मोजून काढा.

वॉटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. इस्त्रीचे साडेचारच्या आत, ६ अँपिअरच्या सॉकेटला चालतं. २००० वॉटच्या गिझरचे पावणेनऊच्या आसपास, म्हणून त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर किंवा हीटर लावू नका असं का सांगतात, ते आता कुणी समजावायची गरज नाही.

पायरी पाचवी: हद्द शोधा

मोजायची सवय लागली की प्रश्न विचारायची सवय लावा. वायफायपासून सुरुवात सोपी. ‘नेट चालत नाही’ हे वाक्य कंपनीला सांगून काही होत नाही. फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. पॉवरचा दिवाच नाही, तर अडचण ॲडॉप्टरमध्ये किंवा बोर्डात. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर प्रकाश फायबरमधून डब्यापर्यंत येतच नाही, डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही, बाहेर वायर तुटली किंवा वाकली आहे. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा आहे, पण नेट नाही, तर लाईन ठीक आहे आणि अडचण खात्यात किंवा कंपनीकडे. सगळे दिवे ठीक आहेत, घरातल्या दुसऱ्या फोनवर नेट येतंय, तर भांडण फक्त तुमच्या फोनशी आहे. चार पावलांत शंभर शक्यतांची एक झाली. तक्रार करताना ‘एलओएस लाल आहे’ एवढं सांगितलंत तर पलीकडचा माणूस तुम्हाला डबा रिस्टार्ट करायला लावत नाही.

शेतावरच्या मोटरचंही तेच. स्टार्टरजवळच्या लाल, पिवळ्या, निळ्या दिव्यांपैकी एक विझलेला किंवा मंद असेल आणि मोटर फिरायच्याऐवजी नुसती गुणगुणत असेल, तर विजेच्या तीन चालू तारांपैकी, म्हणजे फेजपैकी, एक आलेली नाही. तशीच चालवली की वाइंडिंग (मोटरच्या आतलं तारेचं वेटोळं) जळतं. बटण बंद करायचं आणि फेज पेटीपर्यंत आहे की त्याच्या अलीकडेच गेलीय, ते वायरमनला फोनवर सांगायचं. पेटी स्वतः उघडायची नाही.

साखळी लांब असेल तर एका टोकापासून सुरू न करता मधोमध तपासा. मध्यापर्यंत ठीक असेल तर अर्धा भाग निर्दोष सुटला. उरलेल्याचा पुन्हा मध्य घ्या. कारखान्यातले मेंटेनन्सवाले हेच करतात, प्रोग्राम लिहिणारेही हेच करतात.

जाणत्या माणसांना विचारा

नाशिकमध्ये राहणाऱ्यांना एक मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. सातपूर, अंबड आणि ओझरने या शहराला हजारो तांत्रिक माणसं दिली आहेत. तुमच्या सोसायटीत, सिडकोत, इंदिरानगरात, नाशिकरोडला मायकोतून (आताची बॉश), एचएएलच्या विमान कारखान्यातून, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एखादे काका नक्की असतील. टूलरूममध्ये, मेंटेनन्सला आयुष्य गेलेली ही माणसं संध्याकाळी बाकावर बसलेली असतात आणि त्यांना कुणी त्यांच्या कामाबद्दल विचारत नाही. ‘काका, मी मल्टीमीटर घेतलाय, एकदा बघता का?’ एवढं म्हणून बघा.

घरी वायरमन किंवा मेकॅनिक आला तर त्याच्या जवळ थांबा. ‘दादा, मी बघितलं तर चालेल ना?’ असं आधी विचारा, मध्ये मध्ये बोलू नका, आणि काम झाल्यावर चहा देताना एकच प्रश्न विचारा: ‘कंडेन्सरच गेलाय हे तुम्ही कशावरून ओळखलं?’ ‘काय बिघडलं होतं’ असं विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं. ‘कशावरून ओळखलं’ विचारलं की माणूस खुलतो आणि हातातली विद्या देतो. काढलेला जुना भाग मागून घ्या. घरी तो मोजून बघा.

एक वही ठेवा. तारीख, वस्तू, काय दिसलं, काय मोजलं, काय निघालं, एवढंच. मोबाइलमध्ये फोटो काढा, विशेषतः वायर सोडवण्याआधी. वहीची किंमत दोन-तीन महिन्यांनी कळते.

हिशेबाची बाजू

ज्यांचा ओढा संगणकाकडे आहे त्यांनीही असाच रोजच्या कामातला एक हिशेब निवडावा. वर जीएचं उदाहरण दिलं तेच घ्या. स्प्रेडशीटच्या (एक्सेलसारख्या तक्त्याच्या) पहिल्या रकान्यात पाणी किती लिटर, दुसऱ्यात किती पीपीएम, आणि तिसऱ्यात सूत्र: पहिला गुणिले दुसरा भागिले १०००. ग्रॅम मिळाले. १०० आणि १० टाकून १ येतो का बघा, म्हणजे सूत्र बरोबर. पुडीतलं औषध ९० टक्के असेल तर उत्तराला ०.९ ने भागणारा चौथा रकाना जोडा. तुम्ही आत्ता एक छोटा प्रोग्राम लिहिलात. पुढे पायथन वगैरे प्रोग्रामिंगची भाषा शिकलात तरी माहिती आत, नियम, उत्तर बाहेर, ही रचना तीच राहते.

ज्या वस्तूंना हात लावायचा नाही

मायक्रोवेव्ह उघडू नका. त्याच्या कंडेन्सरमध्ये पिन काढल्यावरही जीव घेण्याइतकी वीज राहू शकते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही, इन्व्हर्टरचा आतला भाग, गॅस गिझर, गॅसचा रेग्युलेटर, फुगलेली मोबाइलची बॅटरी, ही सगळी दुसऱ्यांची कामं. मुख्य बोर्डाचं स्क्रूने बसवलेलं झाकणही बंदच राहू द्या. मात्र त्या बोर्डावर आरसीसीबी आहे का ते बघा. असेल तर त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका लगेच पडला पाहिजे. ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारं हे यंत्र माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी आहे. घरात नसेल तर इतर कुठल्याही खर्चाआधी ते बसवून घ्या.

पायरी सहावी: पंखा

आधीच्या पायऱ्या पचल्यावर पहिलं खरं काम हे घ्या, आणि पहिल्या खेपेला जाणता माणूस शेजारी असू द्या. पंखा पाचवर ठेवूनही हळू फिरतो, किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर दमलेला असतो. पंख्याच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. कंडेन्सर त्यांतल्या एकाचा प्रवाह थोडा पुढे-मागे करतो आणि त्या फरकामुळे मोटरला फिरण्याचा जोर मिळतो. कंडेन्सर उतरला की जोर उतरतो.

भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असू शकतं, आणि मग बटण बंद असूनही पंख्यापर्यंत वीज येते. त्या खोलीचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा खटका) पाडा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. टेस्टर आधी दुसऱ्या खोलीतल्या चालू पॉइंटवर लावून पेटतो का बघा, मग पंख्याच्या जोडणीवर लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टरच खराब असण्याची शक्यता यात निघून जाते. शिडी पक्की, खाली एक माणूस धरायला. पंख्याच्या वरचा किंवा खालचा कप उतरवला की छोटा चौकोनी किंवा गोल डबा दिसेल, त्यावर बहुतेक २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं. जोडणीचा फोटो काढा. कंडेन्सरची दोन्ही टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून रिकामा करा, सोडवा, मीटरवर मोजा. २.५च्या जागी १.८ किंवा त्याहून कमी आला तर दोष सापडला.

नवीन घेताना जुना बरोबर न्या आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. जास्तीचा बसवला की पंखा जोरात फिरेल असं काही जण सांगतात, ते ऐकू नका, वाइंडिंग तापतं. कंडेन्सर बदलूनही पंखा हळूच असेल तर बेअरिंग, रेग्युलेटर किंवा वाइंडिंग राहिलं. पंखा बंद असताना हाताने फिरवून बघा: जड फिरला किंवा घासल्याचा आवाज आला तर बेअरिंग. ते काम दुकानात न्यायचं.

पुढे शिकायचं असेल तर

आयटीआयची पुस्तकं चेन्नईची ‘निमी’ ही केंद्र सरकारची संस्था काढते, भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावर ती फुकट वाचायला मिळतात. इलेक्ट्रिशियन ट्रेडची घ्या, चित्रं भरपूर आहेत. १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातही विज्ञान-तंत्राच्या कपाटापाशी एकदा वेळ काढून उभे राहा.

रीतसर प्रमाणपत्र हवं असेल तर त्र्यंबक रोडवर आयटीआय सिग्नलला शासकीय आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे. प्रवेशाला किमान वय १४, वरची मर्यादा नाही, त्यामुळे ‘आता या वयात कुठे’ ही अडचण मनातून काढून टाका. नोकरी किंवा घर सांभाळून शिकायचं असेल तर गंगापूर धरणाकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालापासून ते अशाच लोकांसाठी चालतं. आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरायचे असतात. त्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा. जाताना दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला न्या, कुठल्या ट्रेडला किती जागा आहेत, वर्ग सकाळच्या पाळीत की दुपारच्या, ते विचारा, आणि कार्यशाळा बाहेरून तरी बघू द्याल का, हेही विचारा.